कौलारू छप्पर आणि सौरऊर्जा : पारगाव परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

पुणे जिल्ह्यात पारगाव या नावाची एकाहून अधिक गावे आहेत. त्यांपैकी आंबेगाव तालुक्यातील पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक आणि जुन्नर तालुक्यातील पारगाव तर्फे आळे ही दोन गावे प्रस्तुत लेखात अभिप्रेत आहेत. 'तर्फ' हा शब्द जुन्या महसुली विभागणीची खूण म्हणून गावांच्या नावांत टिकून राहिला आहे. घोड आणि कुकडी या नद्यांच्या खोऱ्यांतील हा प्रदेश आज ऊस, कांदा, बटाटा व भाजीपाल्यासाठी ओळखला जातो. पहिल्या पारगावच्या हद्दीत, दत्तात्रयनगर येथे, भीमाशंकर सहकारी साखर कारखाना असून तेथे उसाच्या चोयट्यापासून वीजही निर्माण होते. शेतात पिकलेल्या वस्तूपासून वीज तयार होऊ शकते, ही गोष्ट या परिसराला नवी नाही. आता हाच प्रश्न घराच्या छपरापर्यंत येऊन पोहोचला आहे.

या प्रदेशातील छपरांचा पावसाशी जवळचा संबंध आहे. पश्चिमेस भीमाशंकरच्या डोंगररांगेत मुसळधार पाऊस पडतो, तर पूर्वेकडे पर्जन्यछायेचा मुलूख सुरू होतो. त्यानुसार डोंगराकडील घरे उतरत्या कौलारू छपरांची, तर पूर्वेकडे कौलारू घरांच्या जोडीला माळवदाची घरेही दिसत. गेल्या काही दशकांत या दोन्ही छपरांची जागा स्लॅब आणि पत्रा यांनी घेतली. जी कौलारू घरे शिल्लक आहेत, त्यांच्यापुढे आता एक नवा पेच उभा आहे. घरावर सौर पॅनेल बसवायचे असेल तर कौले काढून स्लॅब टाकावा, असा सल्ला सहजपणे दिला जातो. या सल्ल्याला पर्याय म्हणून 'सौर कौल' ही कल्पना पुढे येते. कौलाच्याच आकाराचे, कौलासारखे दिसणारे आणि वीज निर्माण करणारे असे हे साधन आहे. परंपरा आणि आधुनिकता यांचा सुंदर मिलाफ, अशा शब्दांत त्याचे स्वागत होते.

हे स्वागत कितपत रास्त आहे, याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखाची भूमिका थोडक्यात अशी : सौर कौलाचे मूल्यमापन आजवर प्रामुख्याने त्याच्या रूपावरून झाले आहे. वास्तविक कौल हे आधी काम आहे आणि मग रूप. कौल जे काम करते ते काम नवे साधन करते किंवा नाही, या कसोटीवर पाहिल्यास रूपाची हुबेहूब नक्कल करणारे सौर कौल पारगावसारख्या गावासाठी अपुरे ठरते. मात्र त्यामुळे कौल आणि सौरऊर्जा यांचा मेळच बसत नाही, असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. तो मेळ कोठे घालावा, हा खरा प्रश्न आहे.

१. 'परंपरागत' या विशेषणाची तपासणी

कौलारू छपराविषयी लिहिताना 'परंपरागत' हे विशेषण आपण फारसा विचार न करता वापरतो. म्हणून प्रथम त्याचाच अर्थ लावणे आवश्यक आहे. महाराष्ट्रातील जुने देशी कौल कुंभार चाकावर घडवीत असे. चाकावर मातीची नळी उभी करायची, ती ओली असतानाच उभी चिरायची आणि वाळल्यावर भट्टीत भाजायची. त्यातून अर्धगोल नळीची कौले तयार होत. त्रिं. ना. आत्रे यांनी 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात ज्या ग्रामव्यवस्थेची चिकित्सा केली, त्या व्यवस्थेत कुंभार हा बलुतेदार होता. कौल घडविणारा आणि कौलाखाली राहणारा एकाच गावचे रहिवासी असत.

आज मात्र 'कौलारू घर' म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे जे लाल, सपाट, खाचांचे कौल येते ते मंगळुरी कौल होय. त्याचा इतिहास वेगळा आहे. एकमेकांत अडकणाऱ्या खाचांच्या कौलाचा नमुना फ्रान्समधील अल्सास प्रांतात गिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये विकसित केला. त्या प्रकारची कौले भारतात बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट या जर्मन तंत्रज्ञाने १८६५ मध्ये मंगळूर येथे कारखाना काढून यंत्रावर बनविण्यास प्रारंभ केला. समुद्रमार्गे आणि पुढे रेल्वेने ही कौले पश्चिम भारतभर पसरली. म्हणजे ज्याला आपण परंपरा म्हणतो ती वस्तू मुळात परदेशी नमुन्यावर बेतलेली, कारखान्यात तयार होणारी आणि कुंभाराच्या नळीच्या कौलाला मागे सारणारी होती.

या इतिहासातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, सौर कौल 'नवे' अथवा 'परके' आहे म्हणून त्यास नकार देता येत नाही, कारण तोच आक्षेप एके काळी मंगळुरी कौलावरही घेता आला असता. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. परके असूनही मंगळुरी कौल आपले का झाले? ते एका माणसाला एका हाताने उचलता येते. रिपेवर नुसते टेकवून बसविता येते. फुटले तर तेवढेच बदलता येते. एका कारखान्याचे कौल संपले तर त्याच घाटाचे दुसऱ्या कारखान्याचे कौल बहुधा चालून जाते. मूळ कारखान्याचे पुढे काहीही झाले तरी घर उघडे पडत नाही. वस्तू परंपरेत सामावते ती अशा गुणांमुळे. सौर कौलाने परीक्षा द्यावयाची ती याच गुणांची.

२. सौर कौलाचे प्रकार

'सौर कौल' या एकाच नावाखाली किमान तीन भिन्न गोष्टी येतात आणि चर्चेतील बराचसा गोंधळ त्यांची सरमिसळ झाल्याने होतो.

पहिला प्रकार वेषधारी कौलाचा. यात विजेचा घट कौलाच्या आकारात लपविलेला असतो. इटलीतील पाँपेई या पुरातत्त्वीय स्थळी बसविलेली कौले हे याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या या नगरातील व्हेट्टी बंधूंचे घर व अन्य काही वास्तूंवर डायाक्वा या कंपनीची कौले वापरण्यात आली. त्यांचा पृष्ठभाग भाजलेल्या मातीसारखा दिसतो, पण ती माती नव्हे. तो प्रकाश आत जाऊ देणारा बहुवारिक पदार्थ असून सिलिकॉनचे घट त्याखाली दडलेले असतात. टेस्ला कंपनीने ऑक्टोबर २०१६ मध्ये सादर केलेले काचेच्या कौलांचे छप्पर याच जातीचे. रस्त्यावरून पाहणाऱ्यास घट दिसू नयेत, ही त्यामागील प्रेरणा होती.

दुसरा प्रकार छपरात बसविलेल्या पॅनेलचा. यात छपराच्या काही भागावरील कौले काढून त्या जागी पूर्ण आकाराची पॅनेले बसवितात आणि कडांना पाणी अडविणाऱ्या पट्ट्या देतात. तेथे पॅनेल हेच छप्पर होते. भारतात हैदराबादच्या विसाका इंडस्ट्रीजने 'ॲटम' या नावाने आणलेले सौर छप्पर या तत्त्वाच्या जवळचे आहे. त्यात तंतुमय सिमेंटच्या पाटीवरच घट बसविलेले असतात.

तिसरा प्रकार कौलावरच्या पॅनेलचा. येथे कौले जागच्या जागी राहतात. कौलांखालून वाशाला आकडे जखडून त्यांवर सांगाडा उभारतात व पॅनेले ठेवतात. यास एकात्म म्हणता येत नाही. तरीही तुलनेसाठी तो ध्यानात घेणे भाग आहे, कारण प्रत्यक्षात सर्वांत स्वस्त तोच पडतो.

पाँपेईचे उदाहरण भारतीय चर्चेत वारंवार आदर्श म्हणून दिले जाते. परंतु तेथील गरज आणि पारगावची गरज यांत मूलभूत अंतर आहे. पाँपेईत कोणी राहत नाही. तेथे इतिहासाच्या दर्शनात व्यत्यय न आणता दिवे लावावयाचे आहेत, त्यामुळे लपविणे हेच तेथे प्रयोजन आहे आणि ते योग्यही आहे. पारगावच्या घरात माणसे राहतात, चूल पेटते, धान्य साठविले जाते. तेथे छपराने प्रेक्षकासाठी काही लपविण्याचे कारण नाही.

३. कामाची कसोटी

(अ) हवा. कौलारू छप्पर श्वास घेते, असे म्हणतात ते केवळ आलंकारिक नाही. कौलांच्या फटींतून धूर बाहेर पडतो, तापलेली हवा आढ्याकडे चढून निघून जाते. घट लपविलेल्या बंदिस्त छपरात हे होत नाही आणि त्याचा फटका घरालाच नव्हे तर विजेलाही बसतो. स्फटिकी सिलिकॉनच्या घटाचे तापमान २५ अंश सेल्सिअसच्या वर गेले की प्रत्येक अंशामागे त्याचे उत्पादन साधारणतः ०.३ ते ०.४५ टक्क्यांनी घटते. पॅनेलच्या पाठीमागे हवा खेळती नसेल तर ते दहा-पंधरा अंशांनी अधिक तापू शकते. म्हणजे चैत्र-वैशाखाच्या उन्हात, जेव्हा सूर्यप्रकाश सर्वाधिक, तेव्हाच उत्पादनातील चार-पाच टक्के या बंदिस्तपणापायी गमवावे लागतात. त्यात मातीचा रंग आणण्यासाठी घटावर चढविलेला थर प्रकाशाचा काही भाग अडवितो, ते नुकसान वेगळे. रूपाची किंमत अशी विजेच्या हिशेबात चुकती करावी लागते.

(आ) सांधे. तीन किलोवॅट क्षमतेचे छप्पर करावयाचे आहे असे समजू. आजच्या साडेपाचशे वॅटच्या पॅनेलांनी ते केल्यास सहा पॅनेले पुरतात व त्यांचे विजेचे सांधे डझनभराच्या आसपास राहतात. तेच छप्पर दहा वॅटच्या कौलांनी केल्यास तीनशे कौले लागतील आणि प्रत्येकाची दोन टोके धरली तर सांधे सहाशेच्या घरात जातील. हे सांधे लाकडी वासे व रिपांच्या लगत, उंदीर आणि खारींच्या हमरस्त्यावर असतील. सौर छपरातील आगींचे एक नेहमीचे कारण सैल पडलेला सांधा हे आहे. जुन्या सागवानी छपराखाली असे शेकडो सांधे ठेवणे कितपत शहाणपणाचे, याचे उत्तर देण्यास अभियंता असण्याची आवश्यकता नाही.

(इ) दुरुस्ती. पावसाळ्यापूर्वी कौले परतणे हा कौलारू घराचा वार्षिक संस्कार आहे. फुटकी कौले काढायची, सरकलेली सारखी करायची, किडलेली रीप बदलायची. त्यासाठी गावात एखादा जाणकार माणूस आणि कोपऱ्यात रचून ठेवलेली चार-दोन डझन कौले एवढेच साहित्य लागते. माकडांनी कौले फोडल्यामुळे घरे पत्र्याची झाली, ही तक्रार अनेक गावांतून ऐकू येते व ती खोटी नाही. परंतु तीच माकडे सौर कौलांवरही उड्या मारणार आहेत. तेव्हा फुटलेले कौल कोठून आणावयाचे? अमेरिकेतील डाऊ केमिकल कंपनीने २०११ च्या सुमारास 'पॉवरहाऊस' नावाची सौर कौले बाजारात आणली आणि २०१६ मध्ये त्यांचे उत्पादन थांबविले. एवढी मोठी कंपनी पाच वर्षांत हात काढून घेऊ शकते, तर पंचवीस वर्षांचे आयुष्य सांगणाऱ्या विशिष्ट आकाराच्या कौलाची हमी कोणाच्या भरवशावर घ्यावी? साध्या आयताकृती पॅनेलचा लाभ येथे दिसतो. एका कंपनीचे गेले तर दुसऱ्या कंपनीचे, थोड्या फेरफाराने, बसविता येते. मंगळुरी कौलाचा हाच गुण आपण आधी पाहिला.

(ई) भार आणि वारा. मंगळुरी कौल साधारण दोन ते तीन किलो वजनाचे असते व एका चौरस मीटरला सुमारे पंधरा कौले लागतात. म्हणजे कोरड्या छपराचाच भार चौरस मीटरमागे पस्तीस ते चाळीस किलो होतो. भिजल्यावर तो वाढतो. पॅनेलचा भार याच क्षेत्रात दहा-बारा किलो असतो. यास्तव कौलांच्या जागी पॅनेल बसविले तर वाशांवरचा भार कमी होतो, आणि कौलांवर सांगाडा उभारला तर तो वाढतो. जुन्या लाकडासाठी पहिला मार्ग हितकर वाटेल. परंतु कौलाचे वजन हे ओझे असते तसेच ते नांगरही असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर धडकून पुणे जिल्ह्यातून पुढे सरकले तेव्हा जुन्नर, आंबेगाव परिसरातही घरांची छपरे उडाली. हलके छप्पर वारा उचलतो. म्हणून कौलांची जागा घेणारे पॅनेल वाशाला आणि वासा भिंतीला नीट जखडलेला असणे ही अट अनिवार्य होते.

(उ) दिशा. सौर पॅनेल दक्षिणाभिमुख असावे, हा नियम उत्तर गोलार्धासाठी सांगितला जातो. देशावरील अनेक घरांचे दार पूर्वेस असते आणि आढे भिंतीला समांतर असल्याने पाखी पूर्व व पश्चिमेस उतरतात. यावरून कौलारू घरे सौरऊर्जेस अयोग्य, असा निष्कर्ष काढला जातो. तो घाईचा आहे. पारगाव परिसर सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, सूर्य वर्षातील बराच काळ माथ्याजवळून जातो. त्यामुळे पंचवीस-तीस अंश उताराच्या पूर्व अथवा पश्चिम पाख्यावरील उत्पादन आदर्श स्थितीच्या मानाने साधारण दहा ते पंधरा टक्क्यांनी कमी भरते. हे नुकसान आहे, पण घर पाडण्याचे कारण होऊ शकत नाही.

४. कांद्याची बराखी : एक दुर्लक्षित छप्पर

कौलाच्या चर्चेत घराचाच विचार होतो. पारगाव परिसरात मात्र कौलाचे महत्त्व समजून घ्यावयाचे तर कांद्याच्या बराखीकडे पाहावे लागते. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो आणि चांगल्या बाजाराच्या आशेने पुढे चार-सहा महिने बराखीत साठविला जातो. या साठवणुकीसाठी २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता अनुकूल मानली जाते. पत्र्याखाली कांदा उकडतो, म्हणून छपरासाठी मंगळुरी कौलांची शिफारस कृषितज्ज्ञही करतात. ही शिफारस सौंदर्यदृष्टीतून आलेली नाही. कांदा सडला तर वर्षाची कमाई जाते, हा तिचा आधार आहे.

येथे सौर कौलाची कसोटी सर्वांत कठोर होते. बराखीवर बंदिस्त सौर छप्पर घातले तर तापलेल्या घटांची उष्णता खाली उतरेल आणि विजेचे बिल वाचविताना कांदा गमवावा लागेल. याउलट कौले तशीच ठेवून त्यांवर हातभर अंतराने पॅनेले बसविली तर कौलांना सावली मिळते व मधून वारा वाहतो. त्या जागी तिसरा, सर्वांत साधा प्रकारच श्रेयस्कर ठरतो. एकाच वस्तीत, एकाच मालकाच्या दोन छपरांसाठी दोन भिन्न उत्तरे संभवतात, ही बाब 'सौर कौल' हे सरसकट उत्तर मानणाऱ्यांनी लक्षात घ्यावयास हवी.

५. परिसराचे आणखी एक वैशिष्ट्य

जुन्नर तालुक्यातील खोडद येथे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात मांडलेल्या असून अवकाशातून येणाऱ्या अत्यंत क्षीण रेडिओ लहरी त्या टिपतात. त्यांच्या कामात मानवनिर्मित विद्युत् गोंगाटाचा अडथळा येऊ नये म्हणून या परिसरातील उद्योगांवर निर्बंध आहेत. सौर प्रणालीतील विजेचे रूपांतर करणारी उपकरणे असा गोंगाट निर्माण करू शकतात. कौलागणिक अथवा काही कौलांमागे एक याप्रमाणे ती बसविल्यास त्यांची संख्या वाढते, आणि प्रत्येक उपकरणाची कसून तपासणी करणे अवघड होते. घरागणिक एकच प्रमाणित व योग्य रीतीने कवचबद्ध केलेले उपकरण असेल तर हा प्रश्न हाताळता येतो. परदेशी नमुना जसाच्या तसा उचलताना स्थानिक परिस्थिती कशी निसटते, याचे हे बोलके उदाहरण होय.

६. 'योग्य छत' या शब्दांचा अर्थ

फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर : मोफत वीज योजनेत एक कोटी घरांचे लक्ष्य ठरविण्यात आले व त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली. अनुदान दोन किलोवॅटपर्यंत प्रतिकिलोवॅट ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅट व त्यापुढे एकूण ७८,००० रुपये असे आहे. या रकमेचा हिशेब सर्वसामान्य पॅनेलांच्या किमतीवर बेतलेला आहे. त्यामुळे वेषधारी कौलाचा जादा खर्च संपूर्णपणे घरमालकावर पडतो. पाँपेईचे रूप हवे असेल तर पैसा स्वतःचा, असा त्याचा व्यावहारिक अर्थ.

परंतु अनुदानाहून महत्त्वाची एक अट आहे. लाभार्थीच्या घराचे छत सौर पॅनेल बसविण्यास योग्य असावे, अशी ती अट. वरकरणी निरुपद्रवी वाटणाऱ्या या शब्दांतच कौलारू घराचे भवितव्य दडलेले आहे. योग्य कोणते, हे कोण ठरविणार? बसविणाऱ्या ठेकेदारास सपाट स्लॅब सोयीचा. त्यावर सांगाडा उभारणे दिवसाभराचे काम, पडण्याचे भय नाही, कौले फुटण्याची कटकट नाही. त्याच्या सोयीचे छत हेच 'योग्य छत' ठरू लागले तर योजनेच्या कागदांत कौलाविरुद्ध एक शब्दही नसताना कौलारू घरे बाद होत जातील. ऑक्टोबर २०२२ मध्ये गुजरातमधील मोढेरा हे देशातील पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले, २०२४ मध्ये सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी राज्यातील पहिले सौरग्राम ठरले. अशी गावे वाढत जाणार आणि वाढावीतही. मात्र गाव सौर करताना त्यातील प्रत्येक छप्पर एकाच साच्याचे झाले पाहिजे, असे नाही.

मानकांच्या बाबतीतही अशीच पोकळी आढळते. मंगळुरी कौलासाठी भारतीय मानक ६५४ आहे. ते कौल किती पाणी शोषते, किती भाराने मोडते याची परीक्षा घेते. सौर पॅनेलसाठी भारतीय मानक १४२८६ आहे. ते उष्णता, दमटपणा, गारांचा मारा यांची परीक्षा घेते. एक मातीची पारख करते, दुसरे विजेची. आढ्यापासून वळचणीपर्यंत ही दोन्ही एकत्र आल्यावर सांध्यांतून पाणी गळते का, आणि पुढच्या मृगापूर्वी गावातील माणसास ते दुरुस्त करता येते का, ही पारख मात्र दोहोंच्या कक्षेबाहेर राहते.

७. दिखाऊ कौल आणि कष्टकरी कौल

जुन्नर तालुक्यास २०१८ मध्ये विशेष पर्यटन क्षेत्राचा दर्जा मिळाल्यानंतर कृषी पर्यटनास चालना मिळाली. अलीकडील पर्यटन निवासांतून एक प्रकार सर्रास आढळतो : उतरता स्लॅब टाकायचा आणि त्यावर सिमेंटात कौले चिकटवायची. पाणी स्लॅब अडवितो, कौल फक्त दिसते. त्याला रीप नाही, फट नाही, ते परतता येत नाही. ज्यांची कौलारू घरे गेली त्यांनाच ती आठवण भाड्याने देण्याचा हा व्यवहार आहे. वेषधारी सौर कौल तत्त्वतः याच दिखाऊ कौलाचे भावंड होय. फरक एवढाच की, त्यातून काही वीज मिळते.

याला पर्याय कोणता? वरील सर्व कसोट्यांचा एकत्रित विचार करता एकात्मता कौलाच्या पातळीवर न साधता छपराच्या पातळीवर साधावी, असे सुचवावेसे वाटते. उदाहरणादाखल आठ मीटर लांब व चार मीटर उताराचे पाखे घेऊ. त्याचे क्षेत्र ३२ चौरस मीटर. आजच्या पॅनेलांनी तीन किलोवॅटसाठी सुमारे १५ चौरस मीटर, म्हणजे निम्म्याहून कमी जागा लागते. पाख्याच्या मधल्या पट्ट्यातील सव्वादोनशे कौले उतरवून तेथे सहा पॅनेले रिपांवर, पाठीमागे हवेची पोकळी राखून बसवावीत. वरच्या बाजूस आढ्यालगतचे कौलांचे थर तसेच ठेवावेत म्हणजे तापलेली हवा तेथून निघून जाईल, आणि खाली वळचणीचे थर ठेवावेत म्हणजे पागोळ्या पूर्वीप्रमाणे अंगणाबाहेर पडतील. दुसरे पाखे संपूर्ण कौलारूच राहील. एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट हे सर्वसाधारण प्रमाण धरून, दिशेमुळे होणारी घट वजा केली, तरी महिन्याला तीनशे युनिटच्या आसपास वीज मिळू शकते. उतरविलेली कौले फेकण्याची गरज नाही, तीच पुढील कित्येक वर्षांच्या दुरुस्तीचा साठा होतील. पॅनेल पॅनेलसारखे दिसेल, कौल कौलासारखे. दोघांनाही लाजण्याचे कारण नाही.

या रचनेत कुंभारालाही स्थान मिळू शकते. पॅनेलच्या कडेस पाणी वळविण्यासाठी लागणारी वळणाची कौले आणि आढ्यावरची हवा सोडणारी कोनाची कौले कारखान्यात ठोक भावाने मिळत नाहीत. ती मापाबरहुकूम घडवावी लागतील. यातून कुंभारकामाचे पुनरुज्जीवन होईल असा दावा करणे भाबडेपणाचे ठरेल, परंतु घडविणारा आणि राहणारा यांच्यातील तुटलेला दुवा काही अंशी तरी जोडला जाईल. वेषधारी कौलात तर मातीचा कणही नसतो. त्यात कुंभाराच्या कलेचा रंग घेतला जातो आणि कुंभार वगळला जातो.

या प्रस्तावावर आक्षेप संभवतात. कौलारू घर राखणे कष्टाचे व खर्चाचे आहे, आणि शहरात स्लॅबखाली राहणाऱ्यांनी खेड्यातील माणसाला कौलाचे गुणगान ऐकविणे अप्रामाणिकपणाचे आहे, हा त्यांतील सर्वांत सबळ आक्षेप. त्यात तथ्य आहे. ज्याला स्लॅब हवा त्याने तो जरूर घालावा. प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच की, वीज मिळविण्यासाठी कोणालाही स्लॅब घालणे भाग पडू नये. ज्या घराचे वासे धड आहेत, ज्या घरातील माणसांस कौलाखालचा गारवा हवा आहे, त्यांच्यासाठी वाट खुली असावी. त्यासाठी वासे-रिपांच्या मजबुतीकरणाचा खर्च अनुदानास पात्र धरावा, कौलारू छपरावर काम करण्याचे प्रशिक्षण गावातील गवंडी, सुतार व वीजतंत्रींना एकत्रितपणे द्यावे, आणि 'योग्य छत' या शब्दांत उतरत्या कौलारू छपराचा स्पष्ट उल्लेख व्हावा, या तीन गोष्टी अवघड नाहीत.

निष्कर्ष

मराठीत 'कौल' या शब्दास छपराच्या कौलाखेरीज आणखी अर्थ आहेत. देवाला कौल लावतात, रयतेस अभयाचा कौल दिला जाई आणि निवडणुकीतही जनतेचा कौल घेतला जातो. या सर्व अर्थांत निर्णय आणि आश्वासन अभिप्रेत आहे. छपराच्या कौलाशी या शब्दाचे नाते व्युत्पत्तिशास्त्रज्ञांनी ठरवावे, पण घरावरचे कौलही एक आश्वासन देत आले आहे : पावसात घर गळणार नाही आणि गळलेच तर ते दुरुस्त करणे तुमच्या हातात असेल.

सौर कौलाच्या चर्चेत या आश्वासनाचा उत्तरार्ध हरवलेला दिसतो. रूपाची नक्कल करणारे कौल वीज देते, घर झाकते, परंतु दुरुस्तीची किल्ली दूरच्या कारखान्याकडे सोपविते. त्यापेक्षा कौलांच्या मधोमध उघडपणे बसलेले साधे पॅनेल कौलाच्या स्वभावाशी अधिक प्रामाणिक आहे. पारगावात मंगळुरी कौल टिकले ते सोयीच्या बळावर, आणि सौरऊर्जाही टिकेल ती त्याच बळावर. स्लॅबचा आग्रह आणि वेषांतराचा मोह, हे दोन्ही टाळले तर एकाच आढ्याखाली माती आणि सूर्य सुखाने नांदू शकतील.